लॉर्ड रॉस : दीर्घिकेची सर्पिल रचना पहिल्यांदा कागदावर उतरवणारा माणूस

सप्तर्षींचा पतंग तुम्हाला आकाशात ओळखता येत असेल, तर त्याच्या शेपटीचं टोक म्हणजे मरीची हा तारा. मरीचीपासून साधारण साडेतीन अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीएवढं सरकलं की श्यामशबल नावाच्या फिकट तारकासमूहात एम ५१ ही दीर्घिका सापडते. तिचे फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील. भोवऱ्यासारखे गोल फिरत गेलेले दोन हात आणि त्यातल्या एका हाताच्या टोकाशी लटकलेली एक छोटी दीर्घिका.

मी ती पहिल्यांदा पाहिली मित्राच्या आठ इंची दुर्बिणीतून, मार्चमधल्या एका अमावास्येला, शहरापासून बरंच लांब जाऊन. आयपीसमध्ये काय दिसलं? कापसाचे दोन पुसट बोळे. बस्स. मित्राने सांगितलं की थेट बघू नकोस, नजर जरा बाजूला ठेव. अंधुक प्रकाश डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेच्या भागाला जास्त चांगला कळतो, म्हणून ही युक्ती. ती करून पाहिली आणि पंधरा-वीस मिनिटांनी मोठ्या बोळ्याभोवती काहीतरी वळण असल्यासारखं वाटलं. पण ते खरंच दिसलं, की फोटो पाठ असल्यामुळे मेंदूने रिकामी जागा भरून टाकली, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. ज्याने असा फोटो कधी पाहिलेलाच नाही, त्या पहिल्या माणसाला हे वळण कसं काय दिसलं? त्या माणसाचं नाव विल्यम पार्सन्स, म्हणजेच रॉसचे तिसरे अर्ल. जग त्यांना लॉर्ड रॉस म्हणून ओळखतं. आज त्यांचीच गोष्ट.

किल्ल्यात राहणारा, पण हात काळे करणारा

विल्यम पार्सन्स यांचा जन्म १७ जून १८०० रोजी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात झाला. घराणं मात्र आयर्लंडचं. आयर्लंडच्या मध्यभागी बर नावाचं छोटं गाव आहे. त्या काळी त्याला घराण्याच्या नावावरून पार्सन्सटाउन म्हणत. तिथल्या किल्ल्यात हे कुटुंब राहायचं आणि आजूबाजूची जमीन त्यांच्या मालकीची होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आणि नंतर ऑक्सफर्डला शिकून १८२२ मध्ये ते गणितात पहिल्या वर्गात पदवीधर झाले. त्याच्या आधीच, १८२१ मध्ये, ते ब्रिटिश संसदेत निवडून गेले होते. १८३४ पर्यंत ते खासदार होते.

म्हणजे बघा, पैसा होता, पद होतं, आणि पोटासाठी काही करायची गरज नव्हती. खगोलशास्त्र हा त्यांचा पेशा कधीच नव्हता. कुठल्या वेधशाळेची नोकरी नाही, सरकारी अनुदान नाही. आजच्या भाषेत ते हौशी निरीक्षक होते. फक्त हौस जरा मोठी होती.

१८२७ च्या सुमारास त्यांनी ठरवलं की विल्यम हर्शेल यांच्यापेक्षा मोठी दुर्बीण बनवायची. हर्शेल यांच्या सर्वात मोठ्या दुर्बिणीचा आरसा ४८ इंची होता. पण अडचण अशी की हर्शेल यांनी आरसे घासायची आणि पॉलिश करायची आपली पद्धत कधी छापलीच नव्हती. माणूस गेला, त्याच्याबरोबर रेसिपीही गेली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. कोड चालतोय, पण लिहिणारा नोकरी सोडून गेला आणि डॉक्युमेंटेशन शून्य!

पार्सन्स यांना सगळं पहिल्यापासून शोधावं लागलं. पण ते करताना त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. १८२८ पासून ते आपले प्रयोग छापत गेले. धातूचं मिश्रण, भट्टी, घासायचं यंत्र, काय जमलं आणि काय फसलं, सगळं. पुढच्या माणसाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागू नये, असा सरळ हिशोब.

आरसा बनवणं म्हणजे काय भानगड?

आज दुर्बिणीचा आरसा काचेचा असतो आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. त्या काळी काचेवर असा थर चढवायचं तंत्र नव्हतं. म्हणून आरसा अख्खाच्या अख्खा धातूचा ओतायचा. साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग कथील, असं हे मिश्रण. या धातूला स्पेक्युलम म्हणतात. त्याला पॉलिश छान होतं, पण तो काचेसारखा ठिसूळ असतो. ओतल्यावर वरचा भाग आधी थंड झाला आणि आतला नंतर, की ताण येऊन सरळ तडा जातो. आरसा जितका मोठा तितका धोका जास्त.

पार्सन्स यांनी आधी छोटे तुकडे जोडून ३६ इंची आरसा केला. मग १८४० च्या सुमारास त्याच मापाचा एकसंध आरसाही जमवला. हे जमलं ते साच्यामुळे. साच्याचा तळ त्यांनी लोखंडाच्या पट्ट्या उभ्या, एकमेकींना चिकटवून रचून केला. लोखंड उष्णता पटकन ओढून घेतं, त्यामुळे धातू तळाकडून वर असा एका क्रमाने थंड होत गेला. पट्ट्यांमधल्या बारीक फटींतून गरम वायू बाहेर निघून गेले, त्यामुळे बुडबुडे राहिले नाहीत. एका साध्या बदलात दोन प्रश्न सुटले.

घासण्यासाठी आणि पॉलिशसाठी त्यांनी वाफेच्या इंजिनावर चालणारं यंत्र बनवलं. आरसा यंत्रावरच असताना तपासताही येईल अशी सोय केली. वर उंचावर घड्याळाची तबकडी लावायची आणि खाली आरशात तिची प्रतिमा किती स्वच्छ दिसते ते पाहायचं. नाही पटलं, तर पुन्हा पॉलिश. आरसा खाली उतरवून दुर्बिणीत बसवायची गरज नाही. डिप्लॉय करायच्या आधीच टेस्टिंग!

आणि हे सगळं करणारे कारागीर कोण? लंडनहून आणलेले तज्ज्ञ नव्हेत. गावातले लोहार, सुतार, मजूर. पार्सन्स यांनी त्यांना शिकवलं आणि स्वतः त्यांच्याबरोबर भट्टीपाशी उभे राहिले.

१८३६ मध्ये त्यांचं लग्न मेरी फील्ड यांच्याशी झालं. मेरी यॉर्कशायरच्या एका श्रीमंत घरातल्या. त्यांची संपत्ती या प्रयोगांच्या फार कामी आली. पण त्या फक्त पैसा घेऊन आल्या नव्हत्या. लोहारकामाची त्यांना चांगली जाण होती आणि पुढे त्या आयर्लंडमधल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक झाल्या. दुर्बिणीचे जुने फोटो आज आपल्याला दिसतात, त्यातले अनेक त्यांनीच काढलेले आहेत. त्यांची डार्करूम अजूनही बरच्या किल्ल्यात जपून ठेवलेली आहे.

सहा फुटांचा राक्षस

१८४१ मध्ये वडील वारले आणि विल्यम रॉसचे तिसरे अर्ल झाले. पुढच्याच वर्षी, १८४२ मध्ये, त्यांनी ७२ इंची, म्हणजे सहा फूट व्यासाच्या आरशाचं ओतकाम केलं. वजन तीन टनांच्या आसपास. भट्ट्या पेटवायला दलदलीतलं वाळवलेलं पीट वापरलं, कारण आयर्लंडच्या त्या भागात तेच भरपूर मिळायचं. वितळलेला धातू मोठ्या मुशींमधून एका वेळी साच्यात ओतला आणि तयार झालेली तबकडी तापलेल्या भट्टीत ठेवून कित्येक आठवडे हळूहळू निवू दिली. सगळी ओतकामं यशस्वी झाली नाहीत. काही वाया गेली. शेवटी कामाचे दोन आरसे हाती आले. दोन का? कारण स्पेक्युलम आयर्लंडच्या दमट हवेत पटकन काळवंडतो. एक आरसा दुर्बिणीत आणि दुसरा पॉलिशला, अशी पाळी लावावी लागायची.

एवढ्या जड आरशाचा आणखी एक त्रास म्हणजे तो स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो, आणि तेवढ्यानेही प्रतिमा बिघडते. म्हणून आरशाखाली त्रिकोणी आधारांची अशी रचना केली की वजन अनेक बिंदूंवर सारखं वाटलं जाईल. ही कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार थॉमस ग्रब यांची. आज घरी दुर्बीण बनवणारे लोक मोठ्या आरशाखाली जे ९ किंवा १८ बिंदूंचे आधार देतात, ते याच तत्त्वावरचे.

दुर्बिणीची लाकडी नळी ५० फुटांपेक्षा लांब होती. दोन उंच दगडी भिंतींच्या मधे ती साखळ्यांनी टांगली होती. नळी एवढी रुंद होती की जॉर्ज पीकॉक नावाचे एक धर्मगुरू आणि गणितज्ञ उघडी छत्री घेऊन तिच्यातून चालत गेले, अशी आठवण सांगतात. लोकांनी दुर्बिणीचं नाव ठेवलं लेव्हायथन, म्हणजे बायबलमधला महाकाय समुद्री राक्षस.

मर्यादाही होत्या. भिंतींमुळे दुर्बीण वर-खाली हवी तेवढी फिरायची, पण पूर्व-पश्चिम अगदी थोडी. एखादी गोष्ट दक्षिणोत्तर रेषेजवळ आली की साधारण तासभर तिचा पाठलाग करता यायचा. तेवढ्यात जे पाहायचं ते पाहून घ्या, नाहीतर उद्या या. उद्या ढग असतील, ही शक्यता आयर्लंडमध्ये नेहमीचीच. निरीक्षक नळीच्या वरच्या टोकाशी, जमिनीपासून चार-पाच मजले उंच सज्जावर, थंडीवाऱ्यात उभा असायचा. खाली मजूर चाकं फिरवून दुर्बीण हलवायचे.

ही दुर्बीण आजच्या मापाने किती ताकदवान होती? थोडं गणित करू. ७२ इंची आरशाचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या ८१ पट. पण ताजा पॉलिश केलेला स्पेक्युलमसुद्धा प्रकाशाचा साधारण दोन-तृतीयांश भागच परावर्तित करतो, आणि प्रकाश दोन आरशांवरून येतो. म्हणजे हातात उरतो जेमतेम ४५ टक्के. हा तोटा धरला, तर लेव्हायथन आजच्या पन्नासेक इंची दुर्बिणीच्या जवळपास बसते. तरीही १९१७ मध्ये माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण येईपर्यंत हिच्यापेक्षा मोठा आरसा दुसऱ्या कुठल्याही दुर्बिणीत नव्हता.

मार्चमध्ये हुकलं, एप्रिलमध्ये सापडलं

आता मूळ गोष्टीकडे येऊ. त्या काळचा मोठा वाद तेजोमेघांचा होता. आकाशात जे धूसर ढग दिसतात, ते खरोखरचे वायूचे ढग आहेत, की इतके दूर असलेले ताऱ्यांचे समूह आहेत की तारे सुटे दिसत नाहीत? दीर्घिका ही कल्पना आजच्या अर्थाने कुणाच्या डोक्यात पक्की नव्हती. मोठी दुर्बीण कशासाठी हवी होती? ढगांमधले तारे सुटे करून दाखवायला आणि हा वाद मिटवायला.

एम ५१ तेव्हा नवी नव्हती. शार्ल मेसिए यांनी ती १७७३ मध्येच नोंदवली होती. जॉन हर्शेल यांनी १८३३ मध्ये तिचं चित्र छापलं होतं. त्यात मधला तेजस्वी भाग आणि त्याभोवती एक दुभंगलेलं कडं होतं. म्हणजे त्या काळच्या उत्तम निरीक्षकालाही तिथे कडं दिसलं, वळण नाही.

फेब्रुवारी १८४५ मध्ये लेव्हायथनने पहिल्यांदा आकाश पाहिलं. तेव्हा आर्मा वेधशाळेचे थॉमस रॉमनी रॉबिन्सन आणि जेम्स साउथ हे दोन नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ पाहुणे म्हणून आले होते. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी बरेच तेजोमेघ तपासले. त्यात एम ५१ सुद्धा होती. पण वळणाची नोंद त्यांनी केली नाही. रॉबिन्सन यांचा ठाम विश्वास होता की सगळे तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचे समूहच. ते तारे शोधायला बसले होते, आणि तारे सुटतात का एवढंच पाहत होते. जगातली सर्वात मोठी दुर्बीण डोळ्याला लावलेली, समोर सर्पिल हात, आणि तरी ते हुकले.

पाहुणे गेल्यावर, त्याच वसंतात, रॉस यांनी एम ५१ पुन्हा पाहिली आणि चित्र काढलं. मधल्या गाभ्यापासून निघालेले, गोल फिरत बाहेर गेलेले हात. एक हात शेजारच्या छोट्या ठिपक्यापर्यंत पोचलेला. असा आकार आकाशात आधी कुणी नोंदवलेला नव्हता. तो कशामुळे झाला असेल, हे सांगणारा एकही सिद्धांत नव्हता. तरीही जे दिसलं ते त्यांनी जसंच्या तसं कागदावर घेतलं.

जून १८४५ मध्ये केंब्रिजला ब्रिटिश असोसिएशनची सभा भरली. तिथे हे चित्र हातोहात फिरलं. सभेचे अध्यक्ष होते जॉन हर्शेल, कड्याचं चित्र काढणारे तेच. आपल्या १८ इंची आरशाने जे दाखवलं नव्हतं ते त्यांना आता कागदावर दिसत होतं.

दुष्काळ

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचं पोट बटाट्यावरच चालायचं. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. हाच तो आयर्लंडचा महादुष्काळ.

लेव्हायथन जवळपास दोन-अडीच वर्षं शांत उभी होती. रॉस हे त्या काउंटीचे सर्वात मोठे सरकारी प्रतिनिधी होते, आणि जमीनदारही. त्यांनी मदतकार्यात लक्ष घातलं. किल्ल्याच्या आवारात बांधकामं काढून गावकऱ्यांना मजुरी देण्यात मेरी यांचाही वाटा होता. दुसरी बाजूही सांगायला हवी. १८४७ मध्ये रॉस यांनी आयर्लंडच्या स्थितीवर लिहिलेली पत्रं छापली. त्यांतला सूर जमीनदार वर्गाची बाजू मांडणारा होता. ज्या व्यवस्थेत एका घराला सहा फुटांचा आरसा परवडतो आणि शेजारच्या झोपडीत बटाटा गेला की काहीच उरत नाही, त्या व्यवस्थेवर त्यांनी बोट ठेवलं नाही. माणूस उदार होता, पण होता आपल्या वर्गातलाच. लेव्हायथनचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

जे चुकलं तेही

दुष्काळ ओसरल्यावर निरीक्षणं नियमित सुरू झाली. १८४८ ते १८५४ रॉस हे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८५० मध्ये त्यांनी तेजोमेघांवरचा मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात एम ५१ सारख्या आणखी डझनभर सर्पिल तेजोमेघांची नोंद होती. म्हणजे एम ५१ अपवाद नव्हती, ही एक जातच होती.

पण रॉस स्वतः सापळ्यात सापडले नाहीत असं नाही. १८४६ मध्ये त्यांनी मृगातल्या तेजोमेघात तारे सुटे दिसू लागल्याचं कळवलं. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचे समूहच, असं मानणाऱ्यांना फार आनंद झाला. पुढे १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी तेजोमेघांचा प्रकाश वर्णपटात फाकून तपासायला सुरुवात केली आणि काही तेजोमेघ निव्वळ वायूचे असल्याचं सिद्ध झालं. मृगातला तेजोमेघही त्यातलाच. तो वायूचा ढग कितीही मोठ्या दुर्बिणीने ताऱ्यांमध्ये सुटला नसता.

एकच माणूस, एकच दुर्बीण. जिथे काय दिसायला हवं हे आधीपासून माहीत होतं, तिथे तो चुकला. जिथे काहीच माहीत नव्हतं, तिथे त्याने अगदी बरोबर पाहिलं. मला या सगळ्या गोष्टीत हेच सर्वात मोलाचं वाटतं. बग शोधताना आपलंही असंच होतं. चूक अमुक ठिकाणीच आहे असं मनात धरून लॉग वाचायला बसलो, तर ती तिथेच दिसायला लागते. खरी चूक डोळ्यांसमोरून निघून जाते.

सर्पिल हातांवर शंका घेणारेही होते, कारण लहान दुर्बिणींतून ते दिसायचे नाहीत. १८८९ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी एम ५१ चा फोटो काढला, तेव्हा वाद संपला. तारे शोधायच्या नादात न सापडलेलं उत्तरही शेवटी मिळालं. १९२० च्या दशकात एडविन हबल यांनी देवयानीतल्या सर्पिल तेजोमेघाचं अंतर मोजलं आणि तो आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर असल्याचं दाखवलं. सर्पिल तेजोमेघ म्हणजे खरोखर ताऱ्यांची स्वतंत्र शहरं होती. एम ५१ आपल्यापासून साधारण अडीच ते तीन कोटी प्रकाशवर्षं दूर आहे.

मागे काय राहिलं?

३१ ऑक्टोबर १८६७ रोजी डब्लिनजवळ मंक्सटाउन इथे लॉर्ड रॉस यांचं निधन झालं. त्यांचं दफन बरला झालं. त्यांची बरीच मुलं लहानपणीच गेली होती. चार मुलगे मोठे झाले. थोरल्या लॉरेन्स यांनी चंद्रावरून येणारी उष्णता मोजली. धाकटे चार्ल्स लहानपणापासून वडिलांच्या वर्कशॉपमध्ये वावरले आणि १८८४ मध्ये त्यांनी आधुनिक वाफेचं टर्बाइन बनवलं. आज औष्णिक किंवा अणुवीज केंद्रातून आपल्या घरी वीज येते, ती याच घराण्यातल्या कल्पनेच्या पुढच्या पिढ्यांवर फिरून येते. हा लेख तुम्ही मोबाइलवर वाचताय, तेव्हा बरच्या त्या भट्टीशी तुमचा एक धागा जोडलेला आहेच.

बरमध्ये सहायक म्हणून काम केलेल्या जॉन्स्टन स्टोनी यांनी पुढे इलेक्ट्रॉन हा शब्द दिला. नंतरचे सहायक जॉन ड्रायर यांनी १८८८ मध्ये एनजीसी ही यादी प्रसिद्ध केली. दुर्बिणीच्या कुठल्याही अॅपमध्ये एम ५१ शोधा, शेजारी एनजीसी ५१९४ असं लिहिलेलं दिसेल. तो क्रमांक त्याच यादीतला.

लेव्हायथन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडकळीला आली. तिचा एक मूळ आरसा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. १९९० च्या दशकात नळी आणि यंत्रणा दुरुस्त झाली आणि नवा अॅल्युमिनियमचा आरसा बसवला गेला. २०१७ पासून त्याच किल्ल्याच्या आवारात लोफार या युरोपीय रेडिओ दुर्बिणीचं आयर्लंडमधलं केंद्रही चालतं.

तुम्हाला एम ५१ पाहायची असेल, तर मार्च ते मे हा काळ उत्तम. महाराष्ट्रातून ती उत्तरेकडे चांगली ६० अंशांपर्यंत वर येते. गावाबाहेर, चंद्र नसलेल्या रात्री जा. सहा-आठ इंची दुर्बिणीत दोन बोळे नक्की दिसतील. वळण दिसेल की नाही हे आकाशाच्या काळोखावर आणि तुमच्या धीरावर आहे. फक्त एक करा. जायच्या आधी आठवडाभर तिचा फोटो पाहू नका. सोबत वही आणि पेन्सिल न्या. जे दिसेल तेवढंच काढा, नसेल दिसत तर काढू नका. घरी आल्यावर मग फोटोशी ताडून बघा.

पुढच्या मोसमात मीही तेच करणार आहे. चित्रात नुसते दोन ठिपके आले तरी चालतील. निदान ते मी पाहिलेले असतील.